नाव विचारायचं राहून गेलं

वयाची सत्तरी ओलांडली की माणूस वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायला लागतो, असं म्हणतात. माझं तसं नाही. मी पहिल्या पानापासूनच वाचतो; फक्त आज कोण गेलं ते आधी बघून घेतो. गेलेला गृहस्थ आपल्यापेक्षा मोठा असला की 'चला, अजून वेळ आहे' असं वाटून जरा बरं वाटतं. लहान असला तर त्या दिवशी चहात अर्धा चमचा साखर कमी पडते. दुसऱ्या दिवशी ती परत पडते, कारण दुसऱ्या दिवशी गेलेला हमखास नव्वदीचा असतो.

२०२५ सालच्या दिवाळीनं मात्र माझ्या या हिशेबाचा पार विचका करून टाकला. नरकचतुर्दशीला, म्हणजे २० ऑक्टोबरला, असरानी गेले. चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. आम्ही सकाळी उटणं लावून, कारीट फोडून फराळाला बसलो, दुपारी सुस्तावलो आणि बातमी कळली तेव्हा अंत्यसंस्कारही उरकले होते. गाजावाजा नको, अशी त्यांचीच इच्छा होती म्हणे. 'शोले'तला तो हिटलरच्या मिशांचा जेलर आठवा. निम्मे शिपाई इकडे पाठवतो, निम्मे तिकडे पाठवतो, उरलेल्यांना आपल्या मागून यायला सांगतो आणि मागे कुणीच उरलेलं नाही हे ज्याच्या गावीही नसतं, तो! १९७५ पासून पन्नास वर्षं त्याला हसलो. आणि या वेळी पठ्ठ्यानं उलटच केलं. आम्हां सगळ्यांना फराळाच्या ताटांवर इकडेतिकडे बसवून ठेवलं आणि स्वतःच मागच्या दारानं निघून गेला.

भाऊबीज उरकली. चिवड्याचा डबा तळाला लागला. आणि २५ तारखेला सतीश शाह गेले. चौऱ्याहत्तर. म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचे. साखर निम्म्यानं कमी करण्याचा हा प्रसंग! पण खरं सांगतो, ती बातमी ऐकल्यावर माझ्या तोंडून पहिल्यांदा जे बाहेर पडलं ते हसू होतं. रडू नव्हे, चक्क हसू! कारण माझ्या डोळ्यांपुढे 'जाने भी दो यारों'मधला कमिशनर डिमेलो उभा राहिला. उभा म्हणजे, उभा करावा लागलेला. १९८३ सालच्या त्या सिनेमात सतीश शाहनी निम्मा वेळ प्रेताचं काम केलंय. त्या प्रेताला सगळे इकडून तिकडे पळवतात, आणि शेवटी तर ते महाभारताच्या नाटकात लुगडं नेसून द्रौपदी होऊन उभं राहतं. मेलेल्या माणसाचं काम करून ज्यानं अख्ख्या देशाला पोट धरधरून हसवलं, तो माणूस खरोखरीच गेल्याची बातमी ऐकून पहिल्या क्षणी हसू येणार नाही तर काय होणार? दुसऱ्या क्षणी शरम वाटली, तिसऱ्या क्षणी डोळ्यांत पाणी आलं. विनोदी नटाचं दुःख हे असं उलट्या पावलांनी येतं.

"अहो, आता हसवायचं कुणी?" आमच्या हिनं पदराला डोळे पुसत विचारलं.

"मी आहे ना!" मी म्हणालो.

"तुम्ही हसवत नाही. तुम्हांला आम्ही हसतो. त्यात फरक आहे," असं म्हणून ती डबे घासायला निघून गेली. एवढ्या दुःखातही तिची विवेकबुद्धी शाबूत होती.

मी उठलो आणि कपाटातून माझी खतावणी काढली.

या खतावणीविषयी सांगायला हवं. ही आमच्या ऑफिसची आहे. पेन्शन सुरू होऊन बरीच वर्षं लोटल्यामुळे हे कबूल करायला आता हरकत नाही. चांगली जाडजूड, लाल कापडी बांधणीची, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर एका बाजूला 'जमा' व दुसऱ्या बाजूला 'नावे' असं छापलेली. १९९८ सालच्या मार्चपासून मी तिच्यात गेलेल्या माणसांच्या बातम्यांची कात्रणं चिकटवतो. पुढारी नाहीत, उद्योगपती नाहीत. त्यांच्यासाठी चौकात पुतळे असतात. माझ्या खतावणीत फक्त दोन जातींना प्रवेश आहे. जमेच्या बाजूला, ज्यांनी हसवलं ते. नावेच्या बाजूला, ज्यांनी खाऊ घातलं ते. आणि खाऊ घालणारे म्हणजे अन्नपूर्णा वगैरे नव्हेत, तर उभ्याउभ्या, घाईघाईत, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात जे खाल्लं जातं ते ज्यांच्या डोक्यातून निघालं ते. हसणं आणि खाणं एकाच वहीत का, असं आमची ही विचारते. अगं, दोन्हींचा दरवाजा एकच! घास आत जातो, हसू बाहेर येतं. दोन्ही एकदम झालं की ठसका लागतो.

जमेची बाजू भरत चालली आहे, हे सांगायला फार वाईट वाटतं. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली गेला, पन्नाशीत. 'मोरूची मावशी' होऊन नऊवारीत फुगडी घालणारे विजय चव्हाण २०१८ साली गेले, त्याच नाटकातले प्रदीप पटवर्धन २०२२ साली. रंगमंचावर हुबेहूब पु. लं. उभे करणारा अतुल परचुरे २०२४ साली. आता असरानी आणि सतीश शाह. चिकटवता चिकटवता डिंकाची बाटली संपली.

नावेच्या बाजूची मंडळी बहुतेक परदेशातली. कारण तिकडे ज्यानं पदार्थ काढला त्याचं नाव लिहून ठेवायची पद्धत आहे. आता हे पहिलं कात्रण बघा, मोमोफुकु आंदो. ५ जानेवारी २००७. आमचा नातू रात्री-अपरात्री स्वयंपाकघरात खुडबुड करून ज्या झटपट नूडल्स करतो, त्यांचा हा जनक. युद्धानंतरच्या जपानात थंडीत कुडकुडत नूडल्सच्या गाडीपुढे रांग लावून उभी राहिलेली माणसं त्यानं पाहिली आणि ती रांग त्याच्या डोक्यातून गेली नाही. घरामागे एक खोपटं बांधून तिथे तो खटपट करत बसला. शेवया शिजवून वाळवल्या तर त्या पुन्हा नीट भिजेनात. शेवटी बायको भजी तळत होती ती पाहून त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. शेवया तळायच्या! तेलात पाणी उडून जातं, बारीक बारीक भोकं राहतात, आणि मग गरम पाणी ओतलं की ते त्याच भोकांतून परत आत शिरतं. १९५८ सालच्या ऑगस्टमध्ये तो माल बाजारात आला. म्हणजे मूळ शोध भजीचाच. पण बायका भजी तळत असताना आपले नवरे काय करतात? पहिला घाणा उतरला का, एवढंच विचारतात. त्यामुळे आपल्याकडे शोध लागत नाहीत. हा आंदो शहाण्णव वर्षं जगला, जवळजवळ रोज स्वतःच्याच नूडल्स खायचा आणि त्याचा शोकसमारंभ ओसाकातल्या बेसबॉलच्या स्टेडियममध्ये झाला. घरातल्या हॉलमध्ये माणसं मावली नसती.

दुसरं कात्रण जिम डेलिगाटीचं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात यानं १९६७ साली 'बिग मॅक' काढला. मॅकडोनाल्ड्सची दुकानं चालवायला घेतलेला साधा माणूस. पावाचे तीन तुकडे, मधे दोन वड्या, असा दुमजली इमला त्यानं उभारला आणि तो जगभर पसरला. त्याबद्दल त्याला काय मिळालं? एक मानपत्राची पाटी! प्रत्येक नगामागे पैसे-बिसे काही नाही. २०१६ साली तो अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेला. बटाटे-तळणी-पाव या विषयावर डॉक्टर जे काय सांगतात ते मी ऐकून घेतो, आणि घरी येऊन ही दोन कात्रणं पुन्हा वाचतो.

तिसरं कात्रण फ्रेडरिक बाउर यांचं. वेफर्स चुरा न होता एकावर एक बसवून नळकांड्यासारख्या डब्यात भरायची युक्ती याची. २००८ साली, एकोणनव्वदीत गेला. त्याची इच्छा काय, तर आपली रक्षा त्या डब्यात घालून पुरावी! मुलांनी बापाचा शब्द पाळला. स्मशानाकडे जाता जाता दुकानाशी गाडी थांबवून डबा विकत घेतला, कुठल्या चवीचा घ्यावा यावर भावंडांत थोडा खलही झाला, आणि शेवटी साधा, मूळ चवीचाच घ्यायचं ठरलं. रक्षेचा काही भाग त्यात गेला. मी हे वाचून दाखवलं तेव्हा आमची ही बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "तुमचं काही सांगू नका. घरात तुपाचे रिकामे डबे पुष्कळ आहेत."

तर अशी ही खतावणी. जपान झालं, अमेरिका झाली. पण नावेच्या बाजूला अगदी पहिलं पान, दादा कोंडक्यांच्या कात्रणासमोरचं, कितीतरी वर्षं कोरं होतं. तिथे कुणाला बसवायचं हे मला माहीत होतं. फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं. नावे आहे आणि नाव नाही! ऑफिसात कुणी असा जमाखर्च लिहिला असता तर आमच्या हेडक्लार्कनं वही भिरकावून दिली असती.

आणि आमच्या घरचे हेडक्लार्क म्हणजे आमचे अण्णा. एका सरकारी कचेरीत होते. दादरला चाळीत दोन खोल्या, टोपी, छत्री, आणि दोन नियम. बाहेरचं खायचं नाही आणि बाहेरचं हसायचं नाही. दोन्ही पोटाला वाईट. हसायचं असेल तर घरी चिं. वि. जोशींची पुस्तकं आहेत. तीही वाचताना अण्णा फक्त नाकातून 'हुं' असा आवाज काढत. तो त्यांचा सातमजली हास्याचा प्रकार.

याच दादरला, तेव्हा, अण्णांच्या दोन्ही नियमांना सुरुंग लावायचं काम जोरात चाललं होतं. १९६६ साली अशोक वैद्य नावाच्या एका माणसानं दादर स्टेशनाबाहेर बटाटेवड्याची गाडी लावली. शेजारी ऑम्लेट-पाववाला होता. वडा हातात धरला की चटके बसतात, गिरणीतला कामगार पाळी गाठायच्या घाईत, त्याला ना बशी धरायला वेळ ना बसायला जागा. वैद्यांनी शेजारचा पाव घेतला, मधोमध चिरला, आत वडा ठेवला आणि लसणीची चटणी भुरभुरली. झालं! दादरलाच सुधाकर म्हात्रे यांनीही त्याच सुमारास हा उद्योग सुरू केला असंही सांगतात. थोर शोधांना वारस एकापेक्षा जास्त असतात, आणि बाळाचे पाळण्यात दिसलेले पाय पाहून शेजारीही म्हणतातच, आमच्यावर गेलाय.

या आपल्या अस्सल मराठी पदार्थाची पत्रिका एकदा मांडून बघा, गंमत वाटेल. पाव पोर्तुगीजांनी आणला. पावाला 'पाव' हे नावही त्यांचंच. बटाटा पोर्तुगीजांनी आणला, 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. मिरचीसुद्धा त्यांच्याच जहाजातून उतरली. आपलं काय, तर बेसन, लसूण आणि भूक. पण त्यातली भूक एवढी अस्सल होती की बाकी सगळे पाहुणे घरचे होऊन गेले.

दुसरा सुरुंग दादा कोंडक्यांचा. नायगावच्या चाळीत वाढलेला, बँड वाजवणारा, अपना बाजारात नोकरी केलेला हा कृष्णा खंडेराव कोंडके. तरुणपणी वर्षभरात घरातली माणसं पटापट गेली. जो माणूस त्यातून उठला, त्यानं पुढे लोकांना हसवण्याचाच धंदा केला. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'चे हजाराच्या वर प्रयोग केले, भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'तून पडद्यावर आला आणि १९७१ साली स्वतःचा 'सोंगाड्या' काढला. आईच्या पदराआडून तमाशातल्या कलावतीकडे बघणारा भोळा नाम्या, गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि तिची ती लोंबणारी नाडी! 'सोंगाड्या' दादरच्या कोहिनूर थिएटरात लावायचा तर तिथे देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' आडवा आला. दादांनी बाळासाहेब ठाकऱ्यांकडे धाव घेतली, शिवसैनिक थिएटरवर गेले आणि 'सोंगाड्या' लागला. पुढे ओळीनं नऊ सिनेमांचे रौप्यमहोत्सव होऊन दादांचं नाव गिनीज बुकात गेलं.

आमच्या घरात मात्र ते नाव उच्चारायची चोरी. "चावट!" एवढंच अण्णा म्हणत, आणि विषय संपे. वडापावाविषयी तर तेही म्हणत नसत. गाडीवरून जाताना नुसता नाकाला रुमाल लावत.

मी तेव्हा कॉलेजात होतो. एके दिवशी "लायब्ररीत अभ्यासाला जातो" असं आईला सांगून मी थेट कोहिनूर गाठलं. अण्णांना त्या दिवशी ऑफिसात ऑडिट असल्यामुळे उशीर होणार होता, म्हणजे धोका नव्हता. थिएटर खच्चून भरलेलं. अंधारात बसलो. आणि नाम्यानं 'आये' म्हणून हाक मारायचा अवकाश, माझ्या पुढच्या कुठल्याशा रांगेत एक प्रेक्षक हसायला लागला. काय सांगू तुम्हांला ते हसणं! आधी मोटार चालू होत नसताना करते तशी घरघर, मग एकदम धबधबा, आणि शेवटी जीव घाबरा करणारा ठसका. त्याच्या हसण्याला आजूबाजूचे हसत होते. मीही हसलो. मला ते हसणं ओळखीचं वाटलं नाही. कसं वाटणार? मी ते जन्मात कधी ऐकलंच नव्हतं.

सिनेमा सुटला. पोटात कावळे कोकलत होते. स्टेशनाबाहेर गाडीपाशी गेलो, घाणा नुकताच उतरत होता. रद्दीच्या कागदावर वडापाव घेऊन पहिला घास घेतला, आणि मागच्या बाजूनं तोच ठसका ऐकू आला. घरघर, धबधबा, ठसका! तळलेल्या मिरचीनं या खेपेला काम केलं होतं. मी वळून पाहिलं.

एका काखेत छत्री, दुसऱ्या हातात अर्धा वडापाव, टोपी जरा तिरकी झालेली, डोळ्यांत पाणी. अण्णा.

आमची नजरानजर झाली की नाही, हे मी आजही सांगू शकणार नाही. झाली असावी. कारण पुढच्याच क्षणी आम्ही दोघंही एकमेकांकडे पाठ करून, दोन अनोळखी माणसांसारखे, अतिशय गंभीरपणे वडापाव खात होतो. इतक्या गांभीर्यानं दादर स्टेशनाबाहेर दुसऱ्या कुणीही वडापाव खाल्ला नसेल. मी मुद्दाम हळूहळू खाल्लं. वळून पाहिलं तेव्हा अण्णा गेले होते. मी पैसे काढले तर गाडीवाला म्हणाला, "राहू द्या. त्या टोपीवाल्या काकांनी दोघांचे दिले."

रात्री पानावर बसल्यावर अण्णा म्हणाले, "आज भूक नाही." मी म्हणालो, "मलाही फारशी नाही." आई एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत म्हणाली, "हल्ली ऑडिटात आणि लायब्ररीत पोट भरायची सोय झालीय वाटतं." अण्णांनी नाकातून 'हुं' केलं. त्या 'हुं'च्या मागे केवढा धबधबा अडवून ठेवलाय हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.

त्यानंतर आम्ही दोघांनी या विषयावर एक चकार शब्द काढला नाही. वर्षं गेली. दादांचे सिनेमे येत राहिले आणि दर खेपेला अण्णांच्या ऑफिसात ऑडिट निघत राहिलं. वडापाव दादरहून निघाला तो मुंबईभर झाला. १९८२ सालच्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यांतले कितीतरी पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. आणि ज्यांनी आयुष्यभर गाडीवर वडापाव खाल्ला होता त्यांच्यापैकी अनेकांनी स्वतःच गाडी लावली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक साचेवाला उभा राहू लागला. त्याचा वडा सुरुवातीला फुटायचा. आम्ही तो फुटका वडाही खात होतो. हा पदार्थ नुसता भुकेच्या वेळी खायचा नव्हता, भुकेच्या वेळी विकायचाही होता, हे ज्यानं तो काढला त्याच्या स्वप्नातही नसेल. पण ज्या दिवशी साच्याचा आवाज बंद पडला त्या दिवशी किती घरांत चूल पेटली ती त्या कढईवर.

१४ मार्च १९९८. दादा कोंडके गेले. दुसऱ्या दिवशी अण्णांनी वर्तमानपत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "सोंगाड्या गेला."

"तुम्हांला हो काय त्याचं?" आई म्हणाली. "त्याचा एक सिनेमा तरी बघितलात का जन्मात?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. संध्याकाळी ऑफिसातून येताना खतावणी घेऊन आलो आणि पहिल्या पानावर जमेच्या बाजूला ते कात्रण चिकटवलं. समोरची बाजू कोरी राहिली.

त्याच १९९८ साली अशोक वैद्यही गेले. दादांच्या वेळी वर्तमानपत्रांची पानंच्या पानं भरली होती. वैद्यांचं जाणं आमच्या घरात कुणाला कळलंसुद्धा नाही. त्या दिवशीही आम्ही कदाचित वडापावच खाल्ला असेल.

पुढच्या वर्षी अण्णा आजारी पडले ते उठलेच नाहीत. मीठ बंद, तेल बंद, बोलणं बंद. एके दुपारी मी उशाशी बसलो होतो. आई जरा बाहेर गेल्याचं बघून त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं.

"अरे, त्या गाडीवाल्याचं नाव काय रे?"

"कुठल्या, अण्णा?"

"ऑडिटच्या वेळचा."

अठ्ठावीस वर्षांनी पहिल्यांदाच विषय निघाला होता. आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "माहीत नाही, अण्णा."

"मलाही नाही," अण्णा म्हणाले. "इतकी वर्षं खाल्लं, नाव विचारायचं राहून गेलं." आणि मग ते हसले. 'हुं' नव्हे, खरं हसले. बारीक घरघर झाली, एवढासा धबधबा आला आणि ठसका लागला. मी पाणी पाजलं. आई धावत आली आणि माझ्यावर ओरडली, "त्यांना बोलायला कशाला लावलंस!"

नाव मला नंतर कळलं. वडापाव चांगला मोठा माणूस झाल्यावर, त्याचा इतिहास छापून यायला लागल्यावर, एका लेखात मी ते वाचलं. त्या दिवशी आम्ही दोघं ज्या गाडीशी पाठ करून उभे होतो ती वैद्यांची की त्यांचं पाहून शेजारी लागलेली दुसरी कुणाची, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तीच तर आमची लबाडी. आम्ही पांढरपेशे लोक अंधारात हसतो आणि भिंतीकडे तोंड करून खातो. उजेडात आलो की रुमालानं तोंड पुसतो, मग तोंडावर चटणीही राहत नाही आणि हसूही. ज्यानं हसवलं त्याला चावट म्हणायचं आणि ज्यानं खाऊ घातलं त्याला 'ए वडेवाले' म्हणायचं. दादांना निदान पडदा होता, त्यावर नाव झळकत होतं. वैद्यांचा पडदा म्हणजे रद्दीचा कागद. खाऊन झालं की चुरगळून टाकायचा.

मी खतावणीच्या पहिल्या पानावर, नावेच्या बाजूला, कात्रण नव्हतं म्हणून शाईनं लिहिलं: 'अशोक वैद्य. दादर.' आणि खाली, अण्णांच्या वतीनं, दोन वडापाव मांडून ठेवले. पैसे त्या दिवशी अण्णांनी दिले होते हे खरं. पण बाकी अजून निघतेच.

सतीश शाहचं कात्रण चिकटवायला डिंक हवा होता म्हणून परवा खाली उतरलो. कोपऱ्यावर एक तरुण मुलगा गाडी लावतो. घाणा उतरत होता. साखरेचं पथ्य आहे, वड्याचं कुणी सांगितलेलं नाही, अशी मनाची समजूत घालून एक घेतला. भिंतीकडे तोंड न करता, रस्त्याकडे तोंड करून खाल्ला. पैसे दिले आणि मनाचा हिय्या करून म्हणालो,

"बाळ, तुझं नाव काय?"

झारा कढईतच थांबला. त्यानं मला टोपीपासून चपलांपर्यंत न्याहाळलं.

"का? मुन्शिपाल्टीतून आलाय का काका?"

"नाही रे, सहज विचारलं."

"मग नाव घेऊन काय करताय?" तो हसून म्हणाला. "मिरची देऊ का अजून एक?"

मी हो म्हणालो. पहिल्याच तुकड्याला असा सणसणीत ठसका लागला की त्यानं घाईघाईनं पाण्याचा ग्लास पुढे केला. आजूबाजूचे चारदोन लोक हसले. त्या ठसक्याचा आवाज मात्र मला अगदी ओळखीचा वाटला.